जो जोरात पळाला, तो फादर झाला

समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: 'बालगुन्हेगारी हा माझा अभ्यासाचा विषय आहे. जुन्या हॉलिवूडमध्ये रस्त्यावरच्या बिघडलेल्या मुलांवर आणि त्यांच्या सुधारण्यावर बरेच चित्रपट निघाले असं ऐकलं. त्यांतले कोणते पाहावेत? त्यांत दाखवलेलं सुधारणं कितपत खरं मानायचं? आणि आमच्या संस्थेतल्या मुलांना ते दाखवावेत का?'

मी सव्वीस वर्षं परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, होते. मुलांच्या तोंडी 'पीओ मॅडम'. पोलिसांनी एखाद्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे आणलं की त्याच्या घरी जायचं, आईबाप, शेजारी, शाळेतल्या बाई, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळ्यांशी बोलायचं आणि हा पोरगा इथवर कसा आला ते चार पानांत लिहून द्यायचं, हे माझं काम. सिनेमाचं वेड त्याच्याही आधीचं, फिल्म सोसायटीच्या खेळांना जाऊन लागलेलं. त्यामुळे उत्तर लांबणार, तेवढं सांभाळून घ्या.

वेळ कमी असेल तर तीनच पाहा: 'डेड एंड' (१९३७), 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' (१९३८) आणि 'नॉक ऑन एनी डोअर' (१९४९). सवड असेल तर त्याआधी १९३३ चे दोन, 'वाइल्ड बॉइज ऑफ द रोड' आणि 'द मेयर ऑफ हेल'. 'बॉइज टाउन' (१९३८) तुम्ही पाहालच, सगळे तोच सुचवतात. खरेपणाचं विचाराल तर, पोरगं या वाटेला कसं लागतं हे त्या लोकांना नेमकं ठाऊक होतं. ते परत कसं येतं, तिथे मात्र एखादा पाद्री नाहीतर एखादा अपघात आणून गाडी कशीबशी स्टेशनात लावलेली दिसते.

हे चित्रपट मंदीच्या पोटी जन्मले. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर बापांच्या नोकऱ्या गेल्या आणि अमेरिकेत हजारो पोरं घर सोडून मालगाड्यांवर चढली. विल्यम वेलमनचा 'वाइल्ड बॉइज ऑफ द रोड' त्यांचाच. एडी आणि टॉमी हे दोन शाळकरी दोस्त. एडी बापाला हातभार म्हणून आपली लाडकी खटारा गाडी विकतो, तेवढ्यानेही भागत नाही, तेव्हा घरातलं एक खाणारं तोंड कमी करायला दोघं निघतात. वाटेत पोराचे कपडे घातलेली सॅली भेटते. रुळांवर टॉमीचा पाय जातो. शेवटी तिघं न्यायाधीशापुढे उभी राहतात. न्यायाधीश बापासारखा बोलतो, सोडून देतो, सगळं ठीक होईल म्हणतो. त्याच्या डोक्यावर भिंतीवर निळ्या गरुडाचं पोस्टर आहे, रूझवेल्टच्या उद्योग पुनरुज्जीवन योजनेचं. सरकार आलं, आता चिंता नको, हा निरोप. स्टुडिओला मूळचा कडू शेवट नको होता, म्हणून हा जोडला.

पण वेलमनने त्यातही एक काटा ठेवलाय. कोर्टाबाहेर पडल्यावर एडी आनंदाने रस्त्यावर कोलांट्या मारतो. मारता मारता थबकतो, कारण कुबड्यांवर उभा टॉमी त्याच्याकडे बघतोय. एवढंच. न्यायाधीशाचं सगळं भाषण त्या एका नजरेत विरून जातं. सुटलेल्या पोराला रस्त्यावर आणून सोडलं की पुढच्या मिनिटाला काय होतं, हे कुठल्याच निकालपत्रात लिहिलेलं नसतं.

'द मेयर ऑफ हेल' वॉर्नर ब्रदर्सचा. जेम्स कॅग्नी यात पॅट्सी गार्गन नावाचा पक्षाचा गल्लीतला कार्यकर्ता आहे, ज्याला निवडणुकीतल्या कामाची बक्षिसी म्हणून सुधारशाळेचा तपासनीस नेमलंय. वशिल्याने आलेला माणूस तपासणीला जातो आणि चुकून खरंच तपासणी करतो, हा विनोद सरकारी खात्यात दिवस काढलेल्या कुणालाही कळेल. आतला अधीक्षक मुलांना गुरासारखं वागवतो. पॅट्सी मुलांनाच शाळा चालवायला देतो: मुलांचा महापौर, मुलांचे पोलीस, मुलांचं न्यायालय. ही काही लेखकाच्या डोक्यातली गंमत नव्हे. विल्यम जॉर्ज नावाच्या माणसाने १८९५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या फ्रीव्हिल इथे असं मुलांचं 'प्रजासत्ताक' सुरू केलं होतं आणि त्या प्रयोगाची तेव्हा बरीच चर्चा होती. पुढे पॅट्सी काही दिवस गायब होतो, अधीक्षक परततो, अंधारकोठडीत टाकलेला एक क्षयी मुलगा मरतो आणि मुलं पेटतात. अधीक्षकाचा पाठलाग होतो आणि तो छपरावरून पडून मरतो. मुलांना त्याची फारशी शिक्षा होत नाही.

असा शेवट १९३३ मध्ये चालला. हॉलिवूडची नीतिसंहिता १९३० सालीच कागदावर आली होती, पण कात्री खऱ्या अर्थाने चालू लागली जुलै १९३४ पासून, जोसेफ ब्रीन खुर्चीत बसल्यावर. गुन्ह्याला सहानुभूती नाही, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, कायद्याची टिंगल नको. त्याच सुमारास 'सिनेमामुळे पोरं बिघडतात' अशी ओरड करणारे, पेन फंड या खासगी संस्थेच्या पैशातून झालेले अभ्यासही प्रसिद्ध झाले होते. वॉर्नरने 'मेयर ऑफ हेल'ची कथा पुढे दोनदा वापरली, 'क्राइम स्कूल' (१९३८) आणि 'हेल्स किचन' (१९३९). तिन्ही ओळीने पाहिले तर संहिता काय करते ते पुस्तकाशिवाय कळतं: दर खेपेला वरचे साहेब थोडे अधिक सज्जन होत जातात आणि दोष एकट्यादुकट्या लबाड अधीक्षकावर येऊन थांबतो. यंत्रणा चांगली, माणूस वाईट. आमच्या चौकशी समित्यांचे अहवाल वाचताना मला 'क्राइम स्कूल' नेहमी आठवायचा.

आता 'डेड एंड'. हा सावकाश पाहा.

सिडनी किंग्जलीचं हे नाटक १९३५ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि ६८७ प्रयोग चाललं. सॅम्युअल गोल्डविनने ते घेतलं, लिलियन हेलमनने पटकथा लिहिली, विल्यम वायलरने दिग्दर्शन केलं. नावाचा अर्थ बंद गल्ली. न्यू यॉर्कच्या ईस्ट रिव्हरला जाऊन भिडणारा रस्ता, एका बाजूला पडक्या चाळी आणि त्यांच्या अंगालाच श्रीमंतांची उंच इमारत. पुढच्या रस्त्याचं काम निघाल्यामुळे श्रीमंतांना मागच्या दाराने, म्हणजे पोरांच्या गल्लीतून ये-जा करावी लागते. बस, नाट्य तेवढ्यावर उभं आहे. मुंबईत राहिलेल्याला वेगळं समजावायला नको. टॉवरचा गेट आणि झोपडपट्टीचा नळ एकाच गल्लीत असतात.

पोरं नदीत उड्या मारतात, जुगार खेळतात, एकमेकांना शिव्या घालतात, इमारतीतल्या एका गुटगुटीत मुलाला फूस लावून तळघरात नेऊन मारतात आणि त्याचं घड्याळ काढून घेतात. त्या मुलाचा बाप पोरांतल्या टॉमीला पकडतो, झटापटीत टॉमी चाकू चालवतो. इथून केस सुरू. चाकू चालवण्याआधीचा टॉमी आणि नंतरचा टॉमी यांत फरक काहीच नाही, फक्त समोरच्या माणसाचे वजनदार नातलग न्यायखात्यात आहेत.

त्याच गल्लीत मोठा झालेला 'बेबी फेस' मार्टिन, म्हणजे हम्फ्री बोगार्ट, आठ खून अंगावर घेऊन, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून परत येतो. का? आईला आणि पहिल्या प्रेमाला भेटायला. आई, म्हणजे मार्जरी मेन, त्याला बघते आणि थोबाडीत देते. या प्रसंगात संगीत भरून येत नाही, कॅमेरा हलत नाही. थकलेली, घाणेरड्या झग्यातली बाई, जिला मुलाच्या पैशाला हातही लावायचा नाही. गृहभेटींत असे दरवाजे मी बरेच पाहिले. 'तो आमच्यासाठी मेला' म्हणणारी आई दार लावून घेते, मग जिना उतरताना मागून हाक मारून विचारते, 'जेवतो का नीट?' मार्जरी मेनच्या आईने तो दुसरा प्रश्न विचारलेला नाही. पण तो तिच्या चेहऱ्यावर आहे असं मला दर वेळी वाटतं. पहिलं प्रेम म्हणजे क्लेअर ट्रेव्हरची फ्रान्सी, ती जेमतेम पाच मिनिटं पडद्यावर आहे आणि तेवढ्यावर तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. तिला नेमका कसला आजार आहे हे संहितेमुळे कुणी बोलत नाही. ती उन्हात येऊन उभी राहते आणि बोगार्ट दोन पावलं मागे सरकतो, त्यात सगळं आलं.

सुधारशाळेविषयीचं माझ्या मते सगळ्यांत खरं वाक्य या चित्रपटात एक पोरगाच बोलतो. टॉमीला आत पाठवणार हे ठरल्यावर आत जाऊन आलेला दोस्त त्याला धीर देतो: तिथे अमक्याला भेट, माझं नाव सांग, तो तुला सांभाळेल. हे तो प्रेमाने सांगतोय! टॉमीची बहीण ड्रायना गल्लीपासून त्याला वाचवायला धडपडतेय आणि इथे गल्लीच त्याला पुढच्या शाळेत प्रवेश मिळवून देतेय. माझ्याकडे एक चौदा वर्षांचा पोरगा होता. बाहेर असताना पाकीट मारायचा, तीन महिने आत काढून आला तर मोटारसायकलचं लॉक कसं तोडायचं ते मला हात हलवून समजावून सांगत होता. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, तिथे संध्याकाळी दुसरं काय करायचं?' वर्तमानपत्रं अजून सरसकट 'बालसुधारगृह' लिहितात. कायद्यात तो शब्द नाही, निरीक्षणगृह आणि विशेष गृह आहे. निदान आपल्या कायद्याने सुधारल्याचा दावा नावातून तरी काढून टाकला.

'डेड एंड'चा शेवट लंगडा आहे. मूळ नाटकातला वास्तुशास्त्रज्ञ पायाने अधू आणि मनाने कचरलेला, चित्रपटात तो धडधाकट जोएल मॅक्री झाला. तो मार्टिनला गोळी घालतो आणि बक्षिसाच्या पैशातून टॉमीला वकील देणार असतो. म्हणजे गल्लीतल्या एका पोराचा जीव गेल्याचे पैसे दुसऱ्याच्या वकिलाला. असं मांडलं की भयंकर वाटतं, पण पडद्यावर ते गोड दाखवलंय. गोल्डविनचा एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. झोपडपट्टीचा सेट इतका हुबेहूब झाला होता की साहेब रोज येऊन कचरा कमी करायला लावत आणि वायलर माणसं लावून तो परत पसरत असे. चित्रपट ऑगस्ट १९३७ मध्ये लागला आणि १ सप्टेंबरला रूझवेल्टने सार्वजनिक घरबांधणीच्या कायद्यावर सही केली. चित्रपटामुळे कायदा झाला असं म्हणणं भाबडं ठरेल. पण चाळी पाडून घरं बांधा ही मागणी तेव्हा हवेत होती आणि मॅक्रीचं पात्र तेच स्वप्न बोलून दाखवतं.

जाता जाता: याच गोल्डविनच्या नावाने गोल्डन ग्लोबमध्ये परदेशी चित्रपटाला पारितोषिक दिलं जायचं आणि १९५९ मध्ये ते शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ला मिळालं. तो चित्रपट औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या कारागृहावरून सुचलेला, कथा गदिमांची. कैदी तिथे मोठे आहेत, म्हणून या उत्तरात त्याला जास्त जागा नाही.

'डेड एंड'मधली सहा मुलं, बिली हॅलप, लिओ गोर्सी, हंट्झ हॉल, बॉबी जॉर्डन, गॅब्रिएल डेल आणि बर्नार्ड पन्सली, नाटकातूनच आलेली. सेटवर त्यांनी इतका धुडगूस घातला की गोल्डविनने त्यांचा करार वॉर्नरला देऊन टाकला. वॉर्नरने त्यांना 'डेड एंड किड्स' या नावाने एकामागून एक चित्रपटांत घातलं, त्यांतला दुसरा 'एंजल्स विथ डर्टी फेसेस'.

याची सुरुवात पाहा, म्हणजे माझं शीर्षक कळेल. रॉकी आणि जेरी ही दोन पोरं मालगाडीच्या डब्यात घुसून फाउंटन पेनांच्या खोक्यांवर हात मारतात. आरडाओरडा होतो, दोघं पळतात. जेरी कुंपण ओलांडतो, रॉकी सापडतो. जेरी म्हणतो, मीही होतो म्हणून सांगतो, तर रॉकी त्याला वेड्यात काढतो. रॉकी सुधारशाळेत जातो, तिथून मोठ्या तुरुंगात, तिथून मथळ्यांत. हे सगळं झरझर कापलेल्या दृश्यांत दोन-तीन मिनिटांत उरकलंय. जेरी पाद्री होतो. रॉकी म्हणजे कॅग्नी, फादर जेरी म्हणजे पॅट ओब्रायन.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेत मी हा मुलांना दाखवला होता. मराठी उपशीर्षकं नव्हती, मी बाजूला उभी राहून बोलत होते. सुरुवातीला नेहमीची कुरकुर: 'मॅडम, कलर नाय का?' मालगाडीचा प्रसंग आला आणि खोली शांत झाली. रॉकी पकडला गेल्यावर मागून एक जण अगदी सहज म्हणाला, 'तो जोरात पळाला ना, म्हणून फादर झाला.' मी कॉलेजात दोन वर्षं बालगुन्हेगारीची कारणं शिकले होते. या वाक्याच्या जवळपासही काही शिकवलं नव्हतं. शेवटचा संवादही तेच सांगतो हे त्या पोराला तोवर माहीत नव्हतं: फादर जेरी मुलांना प्रार्थनेला बोलावतो ती 'माझ्याइतकं जोरात पळता न आलेल्या एका मुलासाठी'.

मधल्या भागात पोरं रॉकीचं पाकीट मारतात आणि तो थेट त्यांच्या अड्ड्यावर जाऊन उभा राहतो, कारण तो अड्डा एके काळी त्याचाच होता. पोरं त्याच्यावर फिदा. कॅग्नी स्वतः न्यू यॉर्कच्या यॉर्कव्हिल भागात वाढलेला. रॉकीची खांदे उडवायची लकब त्याने तिथल्या कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या एका दलालाची उचलली होती. बास्केटबॉलचा एक प्रसंग आहे: फादर जेरीला मुलांना नियमाने खेळवायचंय, मुलं धसमुसळेपणा करतात, मग रॉकी पंच होतो आणि ढकललं की ढकलतो, पाडलं की पाडतो. दोन मिनिटांत मुलं नियमाने खेळायला लागतात. फादर हसतो. हसण्यासारखं काही नाही. जे त्याला वर्षभरात जमलं नाही ते गुंडाने हाताच्या जोरावर करून दाखवलं. संस्थेत नवा काळजीवाहक आला की त्याच्यापुढे हाच मोह असतो, सगळ्यांत दांडग्या पोराला मॉनिटर करायचं. शिस्त लागते. कशाची लागते ते नंतर कळतं.

मग शेवट. रॉकीला विजेच्या खुर्चीची शिक्षा होते. फादर कोठडीत येऊन विचित्र मागणी करतो: मरताना घाबर. रड, भीक माग, म्हणजे पोरांच्या डोळ्यांतून तू उतरशील. रॉकी साफ नाही म्हणतो, कारण तेवढंच त्याच्याजवळ उरलंय. दिग्दर्शक मायकल कर्टीझने पुढचं बरंचसं सावल्यांत दाखवलंय. अचानक रॉकी किंचाळायला लागतो आणि आपल्याला दिसतात ते नळीला गच्च धरलेले त्याचे हात, एकेक बोट सोडवावं लागतंय. तो खरंच घाबरला की मित्रासाठी नाटक केलं? कॅग्नीने पुढे आत्मचरित्रात लिहिलंय की ते मुद्दामच दोन्हीकडे लागेल असं केलं होतं. मुलं पेपरात वाचतात, फादरला विचारतात, रॉकी खरंच भेकडासारखा मेला का. फादर म्हणतो, हो.

आमच्या मुलांत यावर भांडण लागलं. निम्मी म्हणाली टरकला, निम्मी म्हणाली अ‍ॅक्टिंग केली. एकाने विचारलं, 'पण फादर खोटं बोलला ना? मग तो चांगला कसा?' मी सारवासारव केली, चांगल्यासाठी बोलला वगैरे. तो म्हणाला, 'आमच्याशी पण असंच बोलतात. चांगल्यासाठी.' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मंडळापुढे मुलाला 'लवकर सोडतील' म्हणून शांत करताना मला फादर जेरी आठवायचा.

सेन्सॉरसाठी हा शेवट गुळगुळीत होता: गुंडाला शिक्षा, पोरं सन्मार्गाला. पण नीट पाहा, पोरं सुधारलेली कुठेच दाखवलेली नाहीत. खचलेल्या चेहऱ्याने जिना चढतात, एवढंच. त्यांच्याजवळ एक देव होता, तो काढून घेतला. बदल्यात काय दिलं, ते चित्रपट सांगत नाही.

कॅग्नीला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं आणि तो हरला तो स्पेन्सर ट्रेसीकडून, ज्याला त्याच वर्षी 'बॉइज टाउन'मधल्या पाद्र्यासाठी मिळालं. सुधारणाऱ्याने बिघडलेल्याला हरवलं, असं म्हणायचं तर म्हणा.

'बॉइज टाउन' खऱ्या माणसावर आहे. फादर एडवर्ड फ्लॅनगन, आयर्लंडचा, नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात बेघर पुरुषांसाठी निवारा चालवायचा. या माणसांना सावरायला फार उशीर झालाय, सुरुवात मुलांपासून केली पाहिजे, असं वाटून त्याने १९१७ मध्ये उसन्या ९० डॉलरवर घर भाड्याने घेतलं. १९२१ मध्ये शहराबाहेर शेतावर नेलं. कुंपण नाही, सगळ्या जातीधर्मांची मुलं, मुलांनी निवडलेला महापौर. 'वाईट मुलगा असा नसतोच' हे त्याचं म्हणणं तिथूनच जगभर गेलं. चित्रीकरणही बरंचसं त्याच जागी झालं.

आता माझा राग. मिकी रूनीचा व्हाइटी अर्धा चित्रपटभर टगेगिरी करतो. मग त्याच्यामागे धावलेल्या चिमुरड्या पीवीला मोटार उडवते आणि व्हाइटी ढसाढसा रडतो. झालं, वळला. रूनी भन्नाट आहे, मीही रडते त्या जागी, पण रडल्याने मूल वळत नाही. मंडळापुढे रोज रडतात. आठवड्याने मागचे पाढे पंचावन्न, आणि तेही साहजिक आहे, कारण रडण्याने घरचं भाडं भरलं जात नाही. ज्याने खरा फरक पडला असावा तो भाग, म्हणजे वर्षानुवर्षांचं शेतकाम, छापखाना, रोजचं जेवण, कंटाळवाणे दिवस, चित्रपटात जेमतेम ओझरता येतो. कंटाळा पडद्यावर चालत नाही हे समजू शकते. चित्रपट लागल्यावर संस्थेच्या देणग्या आटल्या, कारण लोकांना वाटलं, हॉलिवूडने यांच्यावर सिनेमा काढला म्हणजे आता यांना काय कमी! ट्रेसीला मदतीचं आवाहन करावं लागलं. आमच्याकडेही एखाद्या संस्थेवर टीव्हीवर कौतुकाचा कार्यक्रम झाला की त्या वर्षी धान्य देणारे कमी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ट्रेसीचं ऑस्कर मात्र ओमाहाला पोचलं, ते तिथेच आहे. आणि फ्लॅनगनविषयीचा माझा आदर चित्रपटामुळे नाही. १९४६ मध्ये मायदेशी गेल्यावर त्याने तिथल्या मुलांच्या औद्योगिक शाळांमधल्या मारहाणीवर जाहीर टीका केली आणि तिथल्या सरकारचा रोष पत्करला, त्यामुळे आहे.

बोगार्टचा धागा धरून पुढे चला. 'डेड एंड'मध्ये तो गल्लीतून निघालेला खुनी. 'क्राइम स्कूल'मध्ये सुधारशाळा ताब्यात घेणारा अधिकारी. १९४९ मध्ये त्याच्या स्वतःच्या कंपनीने विलार्ड मॉटली या कृष्णवर्णीय लेखकाच्या कादंबरीवरून 'नॉक ऑन एनी डोअर' काढला, दिग्दर्शक निकोलस रे. इथे बोगार्ट वकील आहे, तशाच गल्लीतून वर आलेला. पोलिसाच्या खुनाचा आरोप असलेल्या निक रोमानोचा खटला तो चालवतो, कारण निकच्या बापाचा खटला एकदा त्याच्याकडून हयगयीने गेला होता आणि बाप तुरुंगात मेला. निक निर्दोष आहे अशी त्याची खात्री. आणि भर कोर्टात निक कोसळतो, खून मीच केला म्हणतो.

इथे बहुतेक चित्रपट संपले असते. हा इथे सुरू होतो. आता वकिलाला निर्दोष पोराची नव्हे, खुनी पोराची बाजू मांडायचीय. भाषण लांबलचक आहे, काही ठिकाणी प्रवचन होतं, पण मुद्दा आमच्या रोजच्या कामाचा आहे. निरपराध मुलासाठी सगळे हळहळतात. ज्याने खरंच केलंय, त्याचा अहवाल लिहिताना हात अडखळतो. निक वाचत नाही. पोरं सुधारत नाहीत, निकाल फिरत नाही, बोगार्ट त्याला दारापर्यंत सोडायला जातो.

या चित्रपटांत कोण नाही तेही बघा. कृष्णवर्णीय मुलं असली तर हसवण्यापुरती, 'मेयर ऑफ हेल'मधला कोर्टाचा प्रसंग आज बघवत नाही. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी वेगळे निघणारे चित्रपट होते, त्यांत १९३९ चा 'रिफॉर्म स्कूल' आहे. लुईझ बीव्हर्स, जिला हॉलिवूडने आयुष्यभर मोलकरणीच्या भूमिका दिल्या, ती त्यात चक्क प्रोबेशन ऑफिसर आहे आणि सुधारशाळेचा कारभार हाती घेते. आमच्या पदाला पडद्यावर मिळालेला हा दुर्मीळ मान. मुलींवरचे चित्रपट हाताच्या बोटांवर, त्यांतला 'सो यंग सो बॅड' (१९५०) चुकवलात तरी चालेल.

पन्नाशीच्या दशकातलं मी भराभर सांगते, कारण तिथे गल्ली संपून शाळा आणि बंगले सुरू होतात. 'ब्लॅकबोर्ड जंगल' (१९५५) इतका झोंबला की अमेरिकेच्या इटलीतल्या राजदूत क्लेअर बूथ लूस यांनी तो व्हेनिसच्या महोत्सवातून काढायला लावला. त्याच वर्षी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने चित्रपटांनी मुलं बिघडतात का यावर लॉस एंजेलिसमध्ये सुनावण्या घेतल्या. 'रिबेल विदाउट अ कॉज'मधली मुलं खात्यापित्या घरची आहेत, तो तुमच्या विषयात अर्धाच बसतो. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) मधलं ऑफिसर क्रप्कीचं गाणं मात्र वर्गात लावा. पोरं आळीपाळीने न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ आणि समाजसेविका होतात, प्रत्येक जण नवं निदान करून पोराला पुढच्याकडे ढकलतो. आमच्या फाइलीचा प्रवास इतका अचूक दुसऱ्या कुणी मांडलेला नाही.

आणि एक हॉलिवूडबाहेरचा, पण तुलनेला हवाच: 'द क्वाएट वन' (१९४८). न्यू यॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेवरचा, निवेदन लिहिलंय जेम्स एजी यांनी. न बोलणारा एक दहा वर्षांचा मुलगा, समुपदेशकाशी हळूहळू जुळतं, मग तुटतं, तो पळून जातो, परत येतो. बस. मोटार नाही, खुर्ची नाही, पाद्री नाही. एका तासात फारसं काही घडत नाही आणि आमच्या कामात असंच असतं.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. दाखवा, पण सणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर नको, आणि 'बॉइज टाउन'ने सुरुवात नको. त्यांना उपदेशाचा वास लांबून येतो. 'एंजल्स' दाखवा, मालगाडीच्या प्रसंगानंतर दोन मिनिटं थांबवा आणि काही विचारू नका. दिवा लावू नका. तुम्ही मागे बसा, पुढे नाही. पडद्याकडे बघणाऱ्यांपेक्षा मान खाली घातलेला कोण आहे ते लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरी गृहभेटीला जा. मला ते सुचलं नव्हतं. 'फादर झाला' म्हणणाऱ्या पोराबरोबर त्याच्या गुन्ह्याच्या रात्री पकडला गेलेला दुसरा कोण होता आणि जोरात पळालेला तिसरा कोण, हे मी त्याच्या फाइलीत नंतर शोधलं. तिसऱ्याचं नाव त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.